८५-७७ : व्हर्जिनिया वि. टेक्सास टेक, २०१९ ची फायनल पूर्ण परत बघितली, पाचपैकी पाच स्टार

बाबा सध्या आमच्याकडे आलेत, सहा महिने राहणारेत, आणि क्रिकेट नसलेल्या संध्याकाळी त्यांना अजिबात करमत नाही. म्हणून मागच्या शनिवारी जेवणं झाल्यावर मी त्यांना २०१९ ची कॉलेज बास्केटबॉलची फायनल लावून दिली, व्हर्जिनिया विरुद्ध टेक्सास टेक. मार्च मॅडनेसच्या, म्हणजे याच स्पर्धेच्या, ऑफिशियल यूट्यूब चॅनलवर अख्खी मॅच फुकट आहे, एका बैठकीत बघून होते. मी ती याआधी किती वेळा बघितलीये ते मोजलेलं नाही. पण या वेळी शेजारी बसून कोणीतरी ती पहिल्यांदा बघत होतं आणि दर दोन मिनिटांनी प्रश्न विचारत होतं, त्यामुळे मलाच बऱ्याच गोष्टी नव्याने दिसल्या आणि आता त्या लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

रेटिंग आधी देऊन टाकते, पाचपैकी पाच. पहिल्या हाफला सुट्टे मार्क द्यायचे झाले तर साडेतीन देईन, पण मॅच ही अख्खीच बघायची असते, आणि ही मॅच तर त्याच्या आधीच्या वर्षापासून बघायची असते. म्हणून थोडं मागे जाते.

मी ऑगस्ट २०१७ मध्ये पुण्याहून शार्लट्सव्हिलला, व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या गावाला, एमएस करायला आले. त्या महिन्यात या गावाचं नाव जगभर कशासाठी गाजलं ते आठवत असेल, गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मोर्चा, गर्दीत घुसवलेली गाडी, त्यात गेलेली एक तरुण बाई. आई रोज फोनवर विचारायची, अगं तिथेच राहायचंय का तुला. मला गावात कोणी ओळखत नव्हतं, मी कोणाला ओळखत नव्हते, आणि मग नोव्हेंबरात बास्केटबॉलचा सीझन सुरू झाला. शाळेत मी खेळायचे, सिमेंटचं ग्राउंड, जाळी नसलेली रिंग, बॉल आत गेला की बाहेरून गेला यावर रोज भांडणं. इथे जॉन पॉल जोन्स अरीनामध्ये पहिल्यांदा स्टुडंट सेक्शनला उभी राहिले तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या अनोळखी पोरांनी मला सरळ आपल्यात घेतलं, ओरडायचं कधी आणि गप्प बसायचं कधी ते शिकवलं. तेव्हापासून ही माझी टीम.

आणि त्याच सीझनच्या शेवटी, १६ मार्च २०१८ ला, ही माझी टीम यूएमबीसीकडून हरली.

ज्यांना या स्पर्धेची कल्पना नाही त्यांच्यासाठी, मार्चमध्ये ६८ टीम्सची नॉकआउट असते, हरलात की घरी. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ असं सीडिंग, म्हणजे मानांकन. १ नंबर विरुद्ध १६ नंबर ही मॅच तोवर पुरुषांच्या स्पर्धेत १३५ वेळा झाली होती आणि १३५ वेळा १ नंबरच जिंकला होता. व्हर्जिनिया नुसती १ नंबर नव्हती, चारही १ नंबरांमध्ये पहिली होती. समोर शेजारच्या मेरीलँडमधलं बॉल्टिमोर काउंटीचं कॉलेज. हाफटाइमला २१-२१. आणि मग दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी ५३ मारले, आम्ही ३३. फायनल स्कोअर ७४-५४, म्हणजे निसटती वगैरे हार नाही, वीस पॉइंटने धुतलं.

मी मैत्रिणीच्या अपार्टमेंटमध्ये बघत होते. तिच्या फ्रिजवर मॅग्नेटने लावलेला ब्रॅकेट होता, म्हणजे ६८ टीम्सचा तो झाडासारखा तक्ता, त्यावर आम्ही दोघींनी स्केचपेनने व्हर्जिनियाला थेट शेवटच्या चौकटीपर्यंत नेऊन ठेवलं होतं. मॅच संपल्यावर ती उठली आणि काही न बोलता पहिल्याच रकान्यात व्हर्जिनियावर लाल रेघ मारली. तो कागद तिने काढला मात्र नाही. वर्षभर तसाच होता, दूध काढायला गेलं की दिसायचा.

पुढचं वर्षभर जिथे जाईल तिथे तेच. आणि टीका काय होती ते नीट लक्षात ठेवा, कारण या फायनलचा सगळा अर्थ त्यातच आहे. टीका अशी की आमचा कोच टोनी बेनेट, त्याची पद्धतच चुकीची आहे. इतकं हळू खेळून लीगच्या मॅचेस जिंकता येतात, मार्चमध्ये चालत नाही. लोक हसत होते ते पद्धतीवर.

ती पद्धत थोडक्यात सांगते. डिफेन्सचं नाव पॅक लाइन, टोनीचे वडील डिक बेनेट यांनी बसवलेला, ते स्वतः २००० साली विस्कॉन्सिनला फायनल फोरपर्यंत, म्हणजे सेमीफायनलपर्यंत, घेऊन गेले होते. रिंगपासून साधारण सोळा फुटांवर एक काल्पनिक कमान धरायची. ज्याच्या हातात बॉल आहे त्याला एकाने भिडायचं, बाकीच्या चौघांनी त्या कमानीच्या आत दाटीवाटीने उभं राहायचं, की आत घुसायला फटच राहू नये. समोरच्याला मग लांबून मारावं लागतं, तेही उशिरा, ३० सेकंदांचा शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदत, संपत आल्यावर. आणि आपल्या हातात बॉल असतानाही घाई नाही, फिरवत राहायचा, स्क्रीनमागून स्क्रीन (म्हणजे आपल्या माणसाने आडवं उभं राहून समोरच्याची वाट अडवायची), चांगला शॉट मिळेपर्यंत. २०१९ ला डिव्हिजन वनमध्ये ३५३ टीम्स होत्या आणि वेगात व्हर्जिनिया ३५३ वी होती.

बाबा हे सगळं ऐकून म्हणाले, "अगं म्हणजे हे पाचही जण बापू नाडकर्णी झाले." १९६४ ला मद्रासला नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध ओळीने २१ मेडन टाकल्या होत्या, ते बाबांनी लहानपणी रेडिओवर ऐकलंय आणि आम्ही ते बाबांकडून पन्नास वेळा. पण तुलना इतकी चपखल की मी पुढे अख्खी मॅच तीच वापरली.

आता यातली अडचण कुठे? दोन ठिकाणी. एक, लांबून मारायला तुम्ही समोरच्याला भाग पाडता, पण एखाद्या दिवशी त्याचे लांबूनचे पडायलाच लागले तर? यूएमबीसीने २४ पैकी १२ थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन पॉइंटचे शॉट, मारले. दोन, हळू खेळलं की दोन्ही टीम्सना संधी कमी मिळतात, म्हणजे एकदा मागे पडलात की भरून काढायला वेळच उरत नाही. दोन्ही गोष्टी त्या रात्री एकदम झाल्या. शिवाय एक तिसरी गोष्ट जी हसणाऱ्यांनी सोयीस्कर सोडून दिली, डिअँड्रे हंटर त्या मॅचमध्ये नव्हता. त्याच्या आदल्या आठवड्यातल्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेत त्याचं मनगट मोडलं होतं. सहा फूट सात इंचाचा पोरगा, पाचही पोझिशनच्या माणसांना अडवू शकणारा. तो बाकावर साध्या कपड्यात बसलेला होता.

मला नेहमी वाटतं की बेनेटचं खरं धाडस त्यानंतरच्या उन्हाळ्यात आहे. त्याने पद्धत फेकून दिली नाही. पॅक लाइन तीच, वेग तोच. फक्त अटॅकमध्ये टाय जेरोमच्या हातात बॉल देऊन पिक-अँड-रोल (एकाने स्क्रीन लावायचा आणि लगेच रिंगकडे वळायचं) जास्त आणला, पोरांना मैदानभर पसरवलं, आणि काइल गाय, जेरोम, हंटर हे तिघेही बाहेरून मारू शकतात याचा पूर्ण फायदा घेतला. आणि पोरांनी तो पराभव लपवला नाही. गायने फोनच्या वॉलपेपरला यूएमबीसी मॅचचा फोटो ठेवला होता, तो स्वतः वाकून उभा आणि मागे समोरची टीम नाचतेय असा. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने दिवसातून शंभर वेळा ते बघायचं, याला काय म्हणावं.

२०१९ ला परत १ नंबर सीड. पहिली मॅच १६ नंबरच्या गार्डनर-वेबशी आणि पहिल्या हाफमध्ये चौदाने मागे. चौदाने! तेव्हा आम्ही एका स्ट्रीमिंग अ‍ॅपवर बघत होतो, नाव लिहीत नाही, ते बरोबर त्याच वेळी गोल गोल फिरत अडकलं आणि चालू झालं तेव्हा हाफटाइम, ३०-३६. दुसऱ्या हाफमध्ये टीम शांतपणे आपला तोच खेळ खेळली आणि ७१-५६ ने जिंकली. ओक्लाहोमा, ओरेगन ही पुढची दोन स्टेशनं झाली, ओरेगनशी ५३-४९, ज्यांना हळू खेळ बघवत नाही त्यांनी ती मॅच बघूच नये.

पर्ड्यूशी मात्र खरी परीक्षा झाली. कार्सन एडवर्ड्सने एकट्याने ४२ पॉइंट केले, दहा थ्री. म्हणजे पॅक लाइनचा तोच जुना धोका पुन्हा डोळ्यासमोर, लांबून मार म्हटलं आणि तो मारतच सुटला. शेवटचे ५.९ सेकंद, तीनने मागे, जेरोम फ्री थ्रोला, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या एकेक पॉइंटच्या मोकळ्या शॉटला. पहिला आत, दुसरा रिंगला लागून बाहेर. ममादी डियाकिटेने हात लांबवून बॉल मागे उडवला, तो उडत उडत थेट मैदानाच्या आपल्याच अर्ध्या बाजूला गेला, आणि सगळ्यात बुटका पोरगा, पाच फूट नऊ इंचाचा फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा, किहे क्लार्क, त्याच्यामागे पळाला. जेरोम जवळच हात वर करून बॉल मागत होता. क्लार्कने त्याच्याकडे न देता पळता पळता लांब पुढे डियाकिटेकडे फेकला, डियाकिटेने धरला आणि बझर वाजता वाजता सोडला. ७०-७०. मग ओव्हरटाइममध्ये ८०-७५.

सेमीफायनल ऑबर्नशी, मिनियापोलिसला. दहाचा लीड होता तो ऑबर्नने सलग चौदा पॉइंट मारून उलटवला. शेवटी गायचा एक थ्री, मग ६०-६२, अजून दोनने मागे, आणि ०.६ सेकंद शिल्लक असताना कोपऱ्यातून मारताना गायवर फाउल, तीन फ्री थ्रो. त्याने जर्सी तोंडावर ओढून घेतली आणि एक क्षण तसाच राहिला. पहिला आत. दुसरा आत. ऑबर्नने मुद्दाम टाइमआउट घेतला, विचार करायला वेळ मिळावा म्हणून. तिसरा आत. ६३-६२. इथे प्रामाणिकपणे लिहायलाच हवं की त्याच्या काही सेकंद आधी जेरोमचा डबल ड्रिबल (बॉल हातात धरून पुन्हा टप्पे मारणं, हे नियमात बसत नाही) झाला होता आणि तो रेफरींनी दिला नाही. ऑबर्नच्या माणसांना ते आजही बोचतं आणि बोचणारच, त्यांच्या जागी मी असते तर मलाही बोचलं असतं. नशिबाने साथ दिली हे मी नाकारत नाही. पण ७२ हजार माणसं स्टेडियममध्ये असताना, रिंगच्या मागे सगळीकडे नुसता अंधार आणि गर्दी, तीन फ्री थ्रो ओळीने घालणं हे नशीब नाही ना.

आता फायनल, ८ एप्रिल २०१९. हीच बाबांना दाखवली.

समोर टेक्सास टेक, कोच ख्रिस बिअर्ड, ३ नंबर सीड, आणि डिफेन्स देशात सगळ्यात कडक. मिशिगनला त्यांनी ४४ वर रोखलं होतं, मिशिगन स्टेटला ५१ वर. त्यांची पद्धत व्हर्जिनियाच्या बरोबर उलटी आहे आणि ही गोष्ट कळली की मॅच बघायला दुप्पट मजा येते. व्हर्जिनिया आत दाटी करून वाट बंद करते. टेक तुम्हाला मधली वाट देतच नाही, ढकलत ढकलत कडेला नेते, बेसलाइनकडे, म्हणजे रिंगमागच्या रेषेकडे, आणि तिथे दुसरा माणूस येऊन कोंडी करतो. त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की ही फायनल ५०-४८ अशी काहीतरी रटाळ होणार. दोन्ही टीम्स पहिल्यांदाच फायनलला आलेल्या, असं १९७९ च्या मॅजिक जॉन्सन-लॅरी बर्ड फायनलनंतर पहिल्यांदाच घडत होतं, तरी आधी उत्साह म्हणावा तसा नव्हता.

पहिला हाफ खरंच जड जातो. ३२-२९, व्हर्जिनिया पुढे. बाबा मधेच उठून पाणी पिऊन आले. "अगं, हे घड्याळ सारखं थांबतं का?" "बाबा, शिट्टी वाजली की थांबतं, म्हणून तर चाळीस मिनिटांची मॅच दोन तास चालते." "आणि तो बारा नंबरचा काय करतोय? नुसता पळतोय."

बारा नंबर म्हणजे हंटर. पहिल्या हाफमध्ये आठ शॉट मारले, एक गेला. पाच पॉइंट. बाबांचं चुकलं नव्हतं, त्या रात्री आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण मी या वेळी ठरवून बॉलकडे न बघता फक्त हंटरकडे बघत बसले, आणि मग जे दिसलं ते बाबांनाही दाखवलं. तो सतत जॅरेट कल्व्हरसमोर होता. कल्व्हर हा टेकचा सगळ्यात मोठा खेळाडू. हंटर त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर, पाय सतत सरकते, हात वर, बॉल चोरायचा मोह नाही, उडी कल्व्हरने मारल्यावरच मारायची, त्याआधी नाही. कल्व्हरचे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून पडत होते, म्हणजे पायात दम उरत नव्हता. मॅच संपली तेव्हा कल्व्हरचा हिशोब २२ पैकी ५. स्कोअरबोर्डवर हंटर पाचवर अडकला होता तेव्हाही तो मॅच जिंकूनच देत होता, ते बघायला नजर फक्त बॉलवरून काढावी लागते.

दुसऱ्या हाफमध्ये लीड दहापर्यंत गेला, ५३-४३, आणि मला माहीत असूनही इथे बरं वाटतं. मग टेक हळूहळू आली. ब्रँडन फ्रान्सिस बाकावरून येऊन १७ करून गेला. टेकची पोरं हार मानणारी नव्हतीच, आणि ही फायनल मोठी झाली त्यात अर्धा वाटा त्यांचा आहे. ३५ सेकंद शिल्लक असताना कल्व्हर एकदाचा हंटरला गिरकी घेऊन आत घुसला आणि डाव्या हाताने घातला, टेक ६६-६५. मग नोरेन्स ओडियासीचे दोन फ्री थ्रो. ६८-६५. बावीस सेकंद.

बाबा म्हणाले, "गेली मॅच." मी काही बोलले नाही.

या ठिकाणी रिप्ले थांबवा आणि दहा सेकंद मागे घेऊन परत बघा, माझं ऐका. जेरोम बॉल घेऊन येतो. तीन पॉइंट हवेत, त्यामुळे सगळ्यांना वाटतं तो स्वतः लांबून मारणार. तो मारत नाही, आत घुसतो. आत घुसल्यावर हंटरला धरून उभ्या असलेल्या माणसाचं एक पाऊल आत पडतं. एकच पाऊल, सवयीने, कारण टेकचा अख्खा डिफेन्स अशा मदतीवरच उभा आहे, वर्षभर त्यांनी ते पाऊल हजारो वेळा टाकलंय आणि त्याच पावलाने मॅचेस जिंकल्यात. आणि त्या पावलाएवढ्या जागेत जेरोमचा पास हंटरच्या हातात. हंटरचे पाय आधीच रिंगच्या दिशेने लागलेले, गुडघे वाकलेले, बॉल हातात आला की फक्त वर जायचं. थ्री. ६८-६८.

आता सांगा यात घाई कुठे आहे? तीनने मागे, वीसेक सेकंद, देशातला सगळ्यात कडक डिफेन्स समोर, आणि पोरगा तेच करतोय जे नोव्हेंबरच्या रिकाम्या अरीनात करत होता, समोरच्याला हलवायचं, चांगला शॉट मिळेपर्यंत थांबायचं, पास द्यायचा. ज्या पद्धतीवर लोक वर्षभर हसले, तीच इथे कामाला आली. माझं या विजयाबद्दल एकच म्हणणं आहे आणि ते इथे या पासमध्ये आहे. ही टीम बदलून जिंकली नाही, आपल्यावर ठाम राहून जिंकली.

चाळीस मिनिटं संपताना कल्व्हरचा शेवटचा शॉट ब्रॅक्स्टन कीने उडवला. हा कीसुद्धा विसरला जातो, बाकावरून येऊन दहा रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे बॉल, घेतले त्याने. मग पाच मिनिटांचा ओव्हरटाइम.

ओव्हरटाइममध्ये टेक ७३-७० ने पुढे होती. तिथून शेवटपर्यंत व्हर्जिनियाने १५ केले, टेकने ४. दोन मिनिटं नऊ सेकंद शिल्लक असताना हंटरचा आणखी एक थ्री, ७५-७३, आणि त्यानंतर लीड गेला नाही. मिनिटभर उरलं असताना एक बॉल बाहेर गेला, आधी टेकला दिला होता, रेफरी मॉनिटरवर बघत बसले, तर बॉल डेव्हिडे मोरेत्तीच्या करंगळीला लागून गेलेला. स्लो मोशनमध्येसुद्धा डोळे फाडून बघावं लागतं. बाबांना थर्ड अंपायर ओळखीचा असल्यामुळे ते इथे एकदम तज्ज्ञ झाले, म्हणाले बरोबर आहे निर्णय, लागलाय. मला मात्र टेकच्या पोरांसाठी वाईट वाटलं, डोळ्याला जे दिसलंच नसतं ते कॅमेऱ्याने पकडलं.

ओव्हरटाइमचा हिशोब मी रविवारी सकाळी चहा घेताना कागदावर मांडला. व्हर्जिनियाचे १७ पॉइंट. त्यातला एक थ्री, एक साधी बास्केट, आणि बारा फ्री थ्रो. बारापैकी बारा. अख्ख्या मॅचमध्ये २३ पैकी २०, थ्री ११, एकूण ८५. हंटर २७, गाय २४, जेरोम १६ आणि आठ असिस्ट (ज्यांवर लगेच बास्केट झाली असे पास), तिघांचे मिळून ६७. हंटरचं तर असं की पहिल्या हाफच्या पाचानंतर उरलेल्या वेळात २२, आठ शॉट मारले, सात गेले. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गायला निवडलं, ऑबर्नच्या त्या तीन फ्री थ्रोंसकट ते योग्यच आहे, पण या एका मॅचपुरता विचाराल तर माझं मत हंटरला.

रिप्ले म्हणून कसा आहे तेही सांगते. कॉमेंट्री जिम नँट्झ, बिल राफ्टरी आणि ग्रँट हिल यांची आहे. राफ्टरींचा आवाज मला आजोबांसारखा वाटतो, एखादा चांगला डिफेन्स झाला की त्यांना खेळाडूंपेक्षा जास्त आनंद होतो, आणि हिल स्वतः कॉलेजमध्ये दोनदा चॅम्पियन झालेला असल्याने कुठे बघायचं ते नेमकं सांगतो. हेडफोन लावून बघितलं तर शूजचे आवाज, बाकावरून ओरडणारी पोरं, सगळं ऐकू येतं. अडचण एकच, शीर्षकात आणि खालच्या कमेंट्समध्ये निकाल कळून जायची शक्यता असते, त्यामुळे कोणाला पहिल्यांदा दाखवणार असाल तर आधी स्वतः लावून फुल स्क्रीन करा आणि मगच समोरच्याला हाक मारा. आणि नवीन माणसाला आधी यूएमबीसी मॅचचा दुसरा हाफ निदान दहा मिनिटं दाखवा. मी बाबांना दाखवला. त्याशिवाय शेवटी बेनेट गुडघ्यात वाकून खाली बघत क्षणभर थांबतो त्यात काय आहे ते कळत नाही.

त्या रात्री आम्ही सगळे धावत कॉर्नरला गेलो, कॉर्नर म्हणजे युनिव्हर्सिटीसमोरचा दुकानांचा रस्ता. पाय ठेवायला जागा नव्हती. ओळख ना पाळख, पोरं मिठ्या मारत होती, कोणीतरी माझ्या गालाला नारिंगी रंग फासला तो दुसऱ्या दिवशी लॅबमध्येही पूर्ण गेला नव्हता. पुण्यात तेव्हा सकाळ झाली होती, आईला फोन लावला तर गोंगाटामुळे ती घाबरली, काय झालं गं, परत काही झालं का तिथे? मी ओरडून सांगितलं, आई जिंकलो, जिंकलो! तिला काय जिंकलो ते कळलं नाही, पण ती रडायला लागली. परत येऊन मैत्रिणीने फ्रिजवरचा नवीन ब्रॅकेट शेवटच्या चौकटीपर्यंत निळ्या स्केचपेनने भरला. त्याच्याखाली लाल रेघेचा जुना होता, तोही तसाच ठेवला.

पुढचंही सांगायला हवं, कारण नुसतं गोड सांगून चालणार नाही. २०२० ची स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही. २०२१ ला पहिल्याच फेरीत ओहायोकडून हरलो. आणि २०२३ ला १६ मार्चला, यूएमबीसीला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, फर्मनशी पुढे असताना शेवटच्या सेकंदांत कोपऱ्यात कोंडी झाली आणि एका खेळाडूने बॉल लांब फेकला तो समोरच्याने पकडला, त्यावर थ्री पडला, ६८-६७ ने हरलो. फेकणारा होता किहे क्लार्क. तोच, पर्ड्यूचा. मी त्या दिवशी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बघत होते आणि माझ्या पोटात कालवलं, पण त्याच्यावर राग नाही आला. त्याच हातांनी मला २०१९ दिलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये, सीझन तोंडावर असताना बेनेटनेही निवृत्ती घेतली. ते बदललेलं कॉलेज बास्केटबॉल, पैशांची बोलणी, दर वर्षी टीम बदलणारी पोरं, त्यासाठी आपण योग्य माणूस नाही असं त्याचं म्हणणं होतं. त्याला थांबवावंसं वाटलं, पण त्याचं पटलंही. चार वर्षं एकाच ठिकाणी राहून, हरून, तोच खेळ घोटून जिंकणारी टीम आता कशी तयार होणार?

शनिवारी मॅच संपली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. स्क्रीनवर जाळी कापण्याचा कार्यक्रम चालू होता, शिडीवर चढून प्रत्येक जण जाळीचा एक एक धागा कापून घेतो. बाबांनी विचारलं, हे काय, का कापतायत? म्हटलं, आठवण म्हणून घरी नेतात. ते पुढे सरकून बघत बसले. हंटर शिडीवर होता.

"याचं मनगट मोडलं होतं ना गं आदल्या वर्षी?"

"हो बाबा, हाच तो."

"हं." मग दिवा बंद करायला उठले आणि दारातूनच म्हणाले, "उद्या ती बुटक्या पोराची लाव. पर्ड्यूवाली."